मुंजाभाऊंचं ग्लोबल

मुंजाभाऊ कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवत. एकच, पण कडकडीत. मग मान वाकडी करून, डोळे बारीक करून, ती टाळी भिंतींवरून परत कशी येते ते ऐकत आणि यजमानांना निकाल सांगत.

"खोली कोरडवाहू हाय तुमची. गाद्या लय हायेत."

किंवा, "वा! बागायती हाय. एक मारली, तीन पिकल्या!"

यजमान पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसाच उभा.

एकदा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. आम्ही पाच-सहा जण भेटायला निघालो. मी वाटेतच बजावलं, "मुंजाभाऊ, आज हात खिशात." त्यांनी ते घातलेही. सतरंजीवर बसलो. कुणी काही बोलेना. त्या शांततेत आधी मुंजाभाऊंचा गुडघा हलायला लागला, मग खांदा, आणि मग टाळी! आतल्या बायका दारात आल्या. मुंजाभाऊ थोरल्या मुलाकडं वळून म्हणाले, "हितलं लोखंडी कपाट कुठं गेलं? मागल्या बारीला आलो तवा खोली इतकी बोलत नव्हती." थोरला पांढराफटक. वडिलांचं कपाट त्यानं तेराव्याच्या आतच आपल्या खोलीत ओढून नेलं होतं आणि धाकट्याला ते अजून कळलं नव्हतं. पुढं त्या घरात काय झालं ते सांगत नाही. आम्ही चहा न घेताच उठलो, एवढं सांगतो.

पोखर्णीला नरसिंहाच्या देवळातही तेच. त्यांनी गाभाऱ्यासमोर टाळी मारली, तर शेजारच्या चार बायांना वाटलं आरती सुरू झाली. त्यांनी टाळ्या धरल्या, मागून कुणीतरी घंटा धरली, पुजारी निरांजन पेटवत धावत आले. मुंजाभाऊ भर आरतीत माझ्या कानाशी लागून सांगतायत, "शामराव, दगडाची बागायत लय गोड असती."

हा गृहस्थ पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होता. सायकलवर बसून कालव्याच्या कडेकडेनं फिरायचं, कुठं दार किती उघडलंय ते बघायचं, कुणी रात्रीतून वाकवलं असेल तर सरळ करायचं. अंगानं काटकुळे, डोक्यावर केस नावालाही नाहीत, आणि बसले तरी एक गुडघा सतत हलत असलेला, आत कुणीतरी पंप सुरू करून विसरून गेल्यासारखा. आणि हा माणूस गिटार वाजवायचा. कालव्यावरच्या चौकीत बसून, पुस्तक नाही, गुरू नाही, नुसता रेडिओ ऐकून शिकलेला.

आमच्या परभणीच्या ऑफिसात एक ऑर्केस्ट्रा होता. नाव 'झुळझुळ'. आमचे डेप्युटी इंजिनिअर साहेब स्वतः गायचे, त्यामुळे ऑफिसातल्या कुणालाच संगीताची नावड परवडत नव्हती. आवाजाची व्यवस्था स्टेशन रोडवरचे रेडिओ मेकॅनिक हाफिजभाई बघत. आणि निवेदन, म्हणजे दोन गाण्यांच्या मधली बडबड, माझ्याकडं. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तेव्हा बंद कधी पुकारला जाईल ह्याचा नेम नसे, म्हणून कार्यक्रमांच्या तारखा आम्ही डायरीत पेन्सिलीनं लिहायचो.

त्या वर्षी हाफिजभाईंच्या मेव्हण्यानं दुबईहून एक काळी लोखंडी पेटी आणली. जेवायच्या पाटाएवढी. वर पायानं दाबायची चार बटणं, एक गोल खुंटी, आणि काचेमागं लाल आकडे. गिटारची वायर एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, आणि मधे काय होतं ते अल्लालाच ठाऊक, असं हाफिजभाई म्हणत. डिजिटल प्रोसेसर! त्यात नव्याण्णव आवाज होते. एक आवाज विहिरीत बसून वाजवल्यासारखा, एक पत्र्याच्या पिंपात, एक थरथरता, एक असा की तार एकदा छेडली तर पुढच्या गाण्यापर्यंत ऐकू यावी. मुंजाभाऊंनी त्या दिवशी पेटीला हळदीकुंकू लावलं आणि त्या दिवसापासून आमच्या ऑर्केस्ट्राची शांती गेली.

कारण प्रत्येक गावाची जागा वेगळी. कुठं शाळेचा हॉल, कुठं कापडी मांडव, कुठं नुसतं मोकळं पटांगण. मुंजाभाऊ जाऊन टाळी मारणार, आणि मग त्या जागेला शोभेल असा घुमारा प्रत्येक आवाजात कमी-जास्त करत बसणार. एक झाला की दुसरा. नव्याण्णव! जिंतूरला सत्तावन्नाव्या आवाजापर्यंत पोचले तोवर लोक आपापल्या सतरंज्या झटकून घरी निघाले होते.

शेवटी एका रविवारी आम्ही तिघं हाफिजभाईंच्या दुकानात पेटीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन बसलो. मी डिक्शनरी नेली होती. चहाचे चार कप होईपर्यंत वॉरंटीच वाचत होतो. मग एका पानावर 'ग्लोबल रिव्हर्ब' असं सापडलं. रिव्हर्ब म्हणजे घुमारा, एवढं हाफिजभाईंना ठाऊक होतं.

"ग्लोबल म्हणजे जागतिक," मी डिक्शनरीत बोट ठेवून जाहीर केलं.

"जागतिक गूंज?" हाफिजभाई म्हणाले. "मतलब कैसा मियाँ, पूरी दुनिया में सुनाई देती क्या?"

मी पुढं वाचत गेलो. प्रत्येक आवाजाचं आपलं माप आहे तसंच ठेवून, ह्या एकाच ठिकाणी सगळ्यांचा घुमारा एकदम वाढवता येतो किंवा कमी करता येतो, असं काहीतरी होतं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मुंजाभाऊ स्टुलावरून उठले.

"शामराव, मेन गेट हाय हे!"

"काय?"

"आवो, कालव्याचं मेन गेट! खालच्या चाऱ्यांची दारं जशी बसवलीत तशीच राहू द्यायची. ह्याचं अर्धं, त्याचं पाऊण, ज्याचं त्याला. पाणी कमी-जास्त करायचं ते वरून. नव्याण्णव दारं फिरवत बसायला मी काय येडा हाव का?"

पुस्तक लिहिणाऱ्या परदेशी इंजिनिअरला जे चार पानांत जमलं नव्हतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. हाफिजभाईंनी त्यांचा हात हातात घेतला. मी डिक्शनरी मिटली.

आम्हाला वाटलं, सुटलो. कुठचे सुटतोय! आधी नव्याण्णव ठिकाणी विभागलेली माणसाची सगळी अस्वस्थता आता एकाच खुंटीवर येऊन बसली. प्रत्येक गाणं संपलं की मुंजाभाऊ गुडघ्यावर. लोकांना दिसायची ती त्यांची पाठ. "एवढं एक बगतो," असं म्हणत ग्लोबल एकनं कमी. पुन्हा एकनं जास्त. "केसभर चढलं." "केसभर उतरलं."

डेप्युटी साहेब माइकवरूनच म्हणायचे, "मुंजाजी, केस मोजायचे तर आधी असायला पाहिजेत."

तोवर मी बोलत राहायचो. गावाची स्तुती करायचो, सरपंचांची करायचो, सरपंचांच्या बैलांची करायचो. माझं जे निवेदन पुढं लोक नावाजायला लागले, ते सगळं मुंजाभाऊंच्या पाठीमागं घडलेलं आहे.

खुंटी कुठं थांबवायची ह्याचाही त्यांचा एक नियम होता, आणि तोही कालव्यावरचाच. कालव्याचं शेवटचं टोक म्हणजे टेल. वरच्या अंगाचे लोक पाणी ओढून घेतात आणि टेलच्या माणसापर्यंत नुसती ओल जाते. म्हणून पाण्याची पाळी सुटली की आधी टेलचं शिवार भिजवायचं आणि मग एकेक करत वर यायचं. नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो पाळायचा तर सायकल टोकापर्यंत हाणावी लागते. मुंजाभाऊ हाणायचे. आणि कार्यक्रमाच्या आधीही तेच करायचे. गिटार माझ्या गळ्यात अडकवून, "नुसतं वरून खाली हात मारा, बोटं लावू नका, नासवताल," असं बजावून स्वतः सगळ्यात मागं जाऊन उभे राहायचे. खुंटीशी हाफिजभाई, आणि तिथून ह्यांच्या आरोळ्या. "दोन कमी! आजून एक! हां, टेलला पोचलं!" पुढच्या सोफ्यावर बसणाऱ्या पाहुण्यांना काय ऐकू येतं ह्याची त्यांना फिकीर नसे. "वरच्या अंगाला पाणी आपसूक मिळतंय."

असं सगळं चाललेलं असताना हिवाळ्यात एक निरोप आला. औरंगाबादला एक मोठा ऑर्केस्ट्रा होता. त्याचे मालक, ज्यांना सगळे नुसतं मास्टर म्हणत, त्यांचा गिटारवाला मुंबईला निघून गेला होता. मास्टर सोनपेठला नातेवाइकांकडं येणार होते आणि आमचा तिथला कार्यक्रम ऐकून मुंजाभाऊंना घ्यायचं की नाही ते ठरवणार होते.

निरोप वाचून मुंजाभाऊंचे दोन्ही गुडघे हलायला लागले. त्यांनी चाळिशी कधीच ओलांडली होती. पंधरा वर्षं ते ह्याच एका बोलावण्याची वाट बघत होते. ह्यानंतर कुणी विचारणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. त्याच दिवशी त्यांनी लांबलचक बिनपगारी रजेचा अर्ज लिहिला, तारखेची जागा कोरी ठेवली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये आणून ठेवला. "मास्तर हो मनले, की तुमीच तारीख टाका."

सोनपेठला शेतकऱ्यांचा आणि कर्मचाऱ्यांचा मेळावा होता, दुपारी चारला, बाजारातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. ह्या टोकाला स्टेज, त्याच्यापुढं पाहुण्यांचा सोफा, मग शेतकरी, आणि पार त्या टोकाला सरकीच्या पोत्यांना टेकून बाया बसलेल्या. त्यात आमच्याही घरच्या होत्या, मुंजाभाऊंच्या पारूवहिनीही. मुंजाभाऊंनी हट्टानं हाफिजभाईंकडून शेवटच्या खांबावर, बायांच्या डोक्यावर, एक मोठा कर्णा बांधून घेतला.

शेडमध्ये टाळी मारली तर सात पिकल्या. "ही बागायत न्हाई, हा पूर हाय," मुंजाभाऊ म्हणाले आणि मागं गेले. मी गिटारवर हात मारत राहिलो, ते ओरडत राहिले, आणि ग्लोबल उणे सातवर येऊन थांबलं.

तेवढ्यात मास्टर आले. पांढरा सफारी, रंगवलेले केस, अत्तर. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "गिटार अशी उन्हात वाळवल्यासारखी का? मला रुंद आवाज लागतो. भिजवा जरा."

"भिजव रे मुंजाजी!" डेप्युटी साहेब ओरडले. "कालव्यातला माणूस तू, तुला पाण्याची काय कमी?"

मुंजाभाऊंनी एकदा शेडच्या दुसऱ्या टोकाकडं बघितलं, एकदा सोफ्याकडं. मग खाली बसून ग्लोबल अधिक पाचवर नेलं.

पहिलं गाणं! काय सांगू. गिटारचा आवाज शेडभर पसरला, पत्र्याखालून वाहत गेला. डेप्युटी साहेबांचा आवाज त्यात बुडाला, हा आणखी एक फायदा. मास्टर सोफ्याच्या हातावर बोटं वाजवायला लागले. गाणं संपताना त्यांनी शेजारी बसलेल्या मेळाव्याच्या सेक्रेटरीला काहीतरी सांगितलं आणि सेक्रेटरीनं मला लांबून अंगठा दाखवला. मी मनातल्या मनात अर्जावर तारीख टाकली.

तेव्हा मुंजाभाऊंनी मागं बघितलं. मीही बघितलं. बायांच्या घोळक्यातून एक हात वर आला आणि पंजा दोनदा इकडून तिकडं हलला. कुणीतरी माशा हाकलत असेल, असं मला वाटलं.

मुंजाभाऊ गुडघ्यावर बसले.

"आता नको!" मी माइकवर हात ठेवून म्हणालो. "जमलंय, मुंजाभाऊ. हात लावू नका!"

"एवढं एक बगतो."

लाल आकडे उतरायला लागले. चार. दोन. शून्य. उणे चार. उणे सात. तिथंही थांबले नाहीत. उणे बारा, त्याच्या खाली आकडाच नव्हता.

मागून हाफिजभाई दबक्या आवाजात कळवळले, "नक्को भाऊ, नक्को! कायकू अपने पाँव पे मार लेरै!"

दुसरं गाणं सुरू झालं. गिटार अगदी उघडी पडली. बोट घसरलं तर घसरलेलं कळत होतं, नख लागलं तर नखसुद्धा. मुंजाभाऊ एकेक तार सुटी करून, सावकाश, कुणाला तरी वाट दाखवल्यासारखे वाजवत होते आणि त्यांचं तोंड मागच्या टोकाकडं होतं. सोफ्यावरची बोटं थांबली. तिसऱ्या गाण्यानंतर मी हात जोडून म्हणालो, "थोडं तरी वाढवा." त्यांनी ऐकलं नाही. चौथ्याला मास्टर उठले.

जाताना मला म्हणाले, "हात वाईट नाही. पण आवाज कोरडा आहे. आणि समोर कोण बसलंय हे ज्याला कळत नाही, तो माणूस मला नको."

परतताना जीपमध्ये डेप्युटी साहेब पुढं बसून खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे फार चिडले होते. शेवटी मीच तोंड उघडलं.

"कामून केलं हे? पंधरा वर्षं कामून थांबला होतात मग?"

"टेलला पोचत नव्हतं," मुंजाभाऊ म्हणाले.

"टेलला कोण होतं? आपल्याच घरच्या बाया! त्या काय तुम्हाला औरंगाबादला नेणार होत्या?"

मुंजाभाऊ प्रोसेसर मांडीवर घेऊन बसले होते.

मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ऑफिसात मला गप्प बसलेलं बघून लोक तब्येतीची चौकशी करायला लागले. नवव्या दिवशी रविवार होता. ड्रॉवरमधला तो कोऱ्या तारखेचा अर्ज खिशात घालून मी मुंजाभाऊंच्या क्वार्टरवर गेलो. अर्ज परत करायचा, दोन शब्द सुनवायचे, असा बेत होता.

मुंजाभाऊ ओट्यावर गिटारची तार बदलत होते. पारूवहिनी उंबऱ्याशी, माझ्याकडं पाठ करून, सुपात डाळ निवडत होत्या.

"काय वहिनी, बरंय ना?" मी म्हणालो.

त्या वळल्या नाहीत.

"वहिनी!"

नाहीच. मुंजाभाऊंनी तार सोडली, पाय लांब करून वहिनी बसल्या होत्या त्या पाटाला हलकेच लावला. वहिनींनी वर बघितलं, मग नवऱ्याची नजर धरून मागं वळल्या.

"अगं बाई, भावजी! समोरून बोलत जावा. पाठमोरं मला ऐकू येत न्हाई आता."

"केव्हापासून?"

"सांगितलं न्हाई का यांनी? उन्हाळ्यात तो ताप आलता ना, तवापासून." त्या डाळीतला खडा काढून बाजूला टाकत साधेपणानं सांगत होत्या. "कमी येतंय, तेवढंच असतं तर निभलं असतं. पण सगळं एकात एक कालवल्यावाणी येतंय. भांडं पडलं का माणूस बोललं, कळत न्हाई. यांची गिटार तर नुसता गलका. रोज सांजच्याला हे त्या डब्याचे आकडे फिरवायलेत अन मी मान हलवायलेय, न्हाई, न्हाई."

मुंजाभाऊ तार खुंटीला गुंडाळत होते. ती केव्हाच गुंडाळून झाली होती.

"मग सोनपेठला?" मी विचारलं.

"घरच्या बारक्या स्पीकरातून न्हाई जमत. तिथं डोक्यावर एवढा मोठा कर्णा होता. मला वाटलं, आज तरी. पण पहिलं गाणं झालं तर तेच. गलका. मी आपला हात केला यांना, न्हाई मनून. मग यांनी काय केलं कुणाला ठाऊक, पण दुसऱ्या गाण्याला एकेक सूर असा सुटा सुटा आला बगा भावजी, निवडून ताटात मांडल्यावाणी. आठ महिन्यांनी मला गाणं कळलं. तिथून पुढली सगळी गाणी कळली. मी तर रडायलेच. बाजूच्या बाया मनायल्या, काय झालं, काय झालं."

मी खिशातल्या अर्जावर हात ठेवून उभा होतो.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "एक विचारू का? त्या दिवशी तुमचे साहेब लय चिडल्यावाणी दिसले. मोठं कुणी आलतं का ऐकायला? यांना विचारलं तर हे गिटार पुसत बसतात. मी हात केला, त्यानं काही बिघडलं तर न्हाई ना?"

त्यांच्या मागं मुंजाभाऊंनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. अगदी थोडी.

हजार-हजार माणसांसमोर मी न अडखळता बोललेलो आहे. त्या सकाळी मला दोन वाक्यांना वेळ लागला. मी ओट्याच्या पायरीवर त्यांच्या समोर बसलो आणि एकेक शब्द वेगळा करून सांगितलं, "न्हाई, वहिनी. कुणी नव्हतं आलं. आपलीच माणसं होती."

माझे ओठ थांबेपर्यंत त्या बघत राहिल्या.

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.